बाबा गेले ती खोली

बाबा ज्या हॉटेलात एकोणीस वर्षं खोल्या लावत होते, त्या हॉटेलात मी आणि आई दोन दिवस पाहुणे म्हणून राहिलो. बाबांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

हॉटेलची एक रीत आहे. नोकरीला वीस वर्षं झालेल्या माणसाला घरच्या एका माणसासोबत दोन दिवस तिथं पाहुणा म्हणून ठेवतात. त्याच्यासोबत काम करणारेच त्याच्यासाठी दार उघडतात, ताट वाढतात, चादर बदलतात. बाबांचं विसावं वर्ष चालू होतं. थोडे महिने राहिलेत, मग तुला त्या पलंगावर झोपवतो, असं ते आईला म्हणायचे. आई म्हणायची, मला माझी जमीन बरी. मग एका सकाळी ते ड्यूटीवर गेले आणि दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. हार्ट अटॅक. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

दीड वर्षानं हॉटेलच्या ऑफिसातून फोन आला. बाबांची वीस वर्षं पूर्ण झाली असं आम्ही धरतो, तुम्ही दोघी या, असं एक बाई फार अदबीनं इंग्रजीत बोलल्या. मला वाटलं आई नको म्हणेल. ती जामबागच्या एका शाळेत आया आहे, सुटी मागायला तिला जिवावर येतं. पण तिनं मला पूर्ण बोलूही दिलं नाही.

"जाऊ," ती म्हणाली. "मला ती खोली पाहायची आहे."

ती खोली म्हणजे बाबा पडले ती जागा. ती कुठली, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलात आलेला सुपरवायझर म्हणाला, व्हरांड्यात. बाबांचं सामान घेऊन घरी आलेला माणूस म्हणाला, मला नक्की माहीत नाही, बहुतेक खाली. खाली म्हणजे तळघरातली चादरींची खोली. बाबा पहिली काही वर्षं तिथं होते. तिथं खिडकी नाही, इस्त्रीच्या वाफेनं जीव कोंडतो, असं ते तेव्हा घरी येऊन सांगायचे. आईनं ते 'खाली' धरून ठेवलं. बाबा वाफेत, बंद खोलीत, हवेसाठी तडफडत गेले असं तिच्या मनानं घेतलं. तेव्हापासून तिला घराचं दार लावलेलं चालेना. विद्यानगरात आमच्या दोनच खोल्या आहेत, दार थेट गल्लीत उघडतं. ती दाराला साखळी लावून फट ठेवायची आणि त्या फटीपाशी चटई टाकून झोपायची. मी अभ्यासाला बसले की कधी कधी तिचा श्वास मोजत बसायचे. मग धड्यातलं काही डोक्यात शिरायचं नाही.

मला स्वतःला ती खोली पाहायची होती का? खरं सांगायचं तर नव्हती. पण हे मी आईला सांगितलं नाही.

हॉटेल शहराच्या बाहेर आहे, तळ्याच्या काठाला. जुन्या काळातल्या कुणा उमरावाची ही बागेतली कोठी. दोन चौक, पुढचा आणि मागचा, भोवती चुन्याच्या गिलाव्याचे जाड खांब, लाकडी खिडक्या, आणि सगळीकडे चिंचेची झाडं. बस आणि नंतर ऑटो करून आम्ही पोचलो, आणि आईनं ऑटो मागच्या फाटकाकडे वळवायला लावला. बाबा कायम तिथूनच आत जायचे, म्हणून. तिथल्या शिपायानं आम्हाला नेहमीसारखं रजिस्टर पुढं केलं, आम्ही सही केली, पिशव्या तपासून घेतल्या. तिकडे पुढच्या दारात तीन माणसं हार आणि पितळी तबक घेऊन ताटकळत उभी होती. शेवटी मॅनेजरच भाजीच्या टेम्पोच्या बाजूनं पळत मागं आले. कोथिंबिरीच्या जुड्यांमध्ये उभ्या आईच्या गळ्यात त्यांनी हार घातला. तबकातला गरम ओला रुमाल कशासाठी असतो ते मला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं, बाबांनी सांगितलेलं. तिनं हात पुसले, रुमालाची व्यवस्थित घडी केली आणि परत तबकात ठेवली.

आम्हाला मागच्या चौकातली खोली दिली होती. एवढी मोठी खोली दोन माणसांसाठी असते हे मला आत उभं राहूनही पटत नव्हतं. पलंगावर चढायला लाकडी पायरी. न्हाणीघरात एक खुर्ची, तिथं कोण बसतं कोण जाणे. प्रत्येक वस्तूकडे पाहून मला वाटत होतं, हिच्यावर बाबांचा हात फिरला असणार. आरशाच्या चौकटीची नक्षी, पितळी कड्या, खिडकीचे गज. आपण आयुष्यभर ज्या माणसाच्या घामाच्या वासाशेजारी झोपलो, त्याची खरी ओळख या भिंतींनाच जास्त असेल, असं काहीतरी मनात आलं आणि मी घाईघाईनं बॅग उघडली.

आईनं खोलीकडे फारसं पाहिलंच नाही. चहा झाल्याबरोबर ती निघाली. फेरफटका मारायचा म्हणाली, पण ती दारं पाहत चालली होती. पुढचा चौक, मागचा चौक, वरचा मजला. बंद दारांसमोर ती एक क्षण थांबायची, जशी काही आतून कुणी हाक मारेल. माळ्याला विचारलं, वाढप्याला विचारलं, जिना पुसणाऱ्या बाईला विचारलं. सगळे बाबांना ओळखत होते, सगळ्यांनी हातातलं काम ठेवून दोन शब्द चांगले सांगितले. बाबा दुपारी डबा खाताना सगळ्यांना लोणचं वाटायचे, नव्या माणसाची ड्यूटी स्वतःच्या अंगावर घ्यायचे. पण 'कुठं' म्हटलं की प्रत्येकाची नजर खाली जायची. "मालूम नै, अम्मा."

संध्याकाळी मॅनेजर आमच्यासोबत चहाला बसले. चिंचेखाली वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आईनं आडवळण न घेता त्यांनाच विचारलं, तिच्या हिंदीत, जी अर्धी मराठी असते. त्यांनी कप खाली ठेवला. मग आईकडे न पाहता माझ्याशी इंग्रजीत बोलले. ते वाईट माणूस वाटले नाहीत. म्हणाले, खोलीत असं काही घडलं की ते बाहेर बोलायचं नाही असा आमचा नियम आहे, पाहुणे घाबरतात, ती खोली घ्यायला कुणी तयार होत नाही. स्टाफला तशी ताकीद आहे. तू शिकलेली आहेस, तू समजून घेशील.

तू शिकलेली आहेस, हे वाक्य मला सगळीकडे ऐकावं लागतं. घरात पहिली कॉलेजला गेलेली मीच, त्यामुळे फॉर्म, नोटिसा, डॉक्टरची चिठ्ठी, सगळं माझ्यातून आईपर्यंत जातं. मी काय पोचवते आणि काय गाळते हे तिला कळत नाही असं मला तोवर वाटायचं. मी तिला म्हणाले, त्यांना नक्की आठवत नाही.

मॅनेजर गेल्यावर आई म्हणाली, "त्याला सगळं आठवतंय. खोलीत म्हणाला ना तो? 'रूम' म्हणाला. मी ऐकलं."

"हो."

"म्हणजे खाली नाही."

"चादरींच्या खोलीलाही रूमच म्हणतात, आई."

हे मी का बोलले, माझं मलाच कळलं नाही. ती तिथं थांबावी असं वाटलं असेल. उद्याचा दिवस काढू आणि घरी जाऊ. तिचा हात गळ्यापाशी गेला, दाराच्या फटीपाशी झोपताना जायचा तसा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा आईची आंघोळ होऊन गेली होती आणि ती पलंगाची चादर ताणत होती. खरं तर ती पलंगावर झोपलीच नव्हती, गालिच्यावर शाल टाकून पडली होती. पण तिनं मला उठवलं, माझ्या बाजूचीही चादर काढली आणि पूर्ण पलंग नव्यानं लावला. मग पदरानं आरसा पुसला, जमिनीवरचे केस वेचले. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आपण वापरलेलं दुसऱ्या बाईनं का उचलायचं? मी वापरलेले चारही टॉवेल साबणानं धुतले, पिळले आणि झरोक्याच्या गजांवर वाळत घातले. असल्या हॉटेलात पाहुण्यांनी असलं काही करायचं नसतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं म्हणायला जागा नाही. आमच्या घरातलाच माणूस हे काम करायचा. पण माहीत असूनही आमचे हात थांबले नाहीत.

आई चादरीचा कोपरा बाबांसारखा घालते, हे सांगायला हवं. हॉटेलात कोपरा पाकिटासारखा दुमडून गादीखाली खोचतात. बाबा तो दुमडला की त्याचं टोक आणखी एकदा उलटं मोडायचे, वहीच्या पानाला खूण करतात तसं. चादर त्यानं सरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. सुपरवायझर दर वेळी ओरडायचे, हे आमच्या पद्धतीत बसत नाही, सरळ करा. बाबा सरळ करायचे आणि घरी येऊन आमच्या लोखंडी खाटेवर आपल्या मनासारखा मोडायचे. आईनं तो त्यांच्याकडून उचलला.

नाश्ता करून आम्ही परत आलो तर आमच्या खोलीचं दार उघडं होतं. बाहेर चादरी-साबणांची ट्रॉली. आत, दारापासून दोन पावलांवर, बाबांच्याच वयाची एक कामवाली बाई उभी होती. खांद्यावर कोरी चादर, आणि ती हलत नव्हती. पलंगाकडे पाहत होती. मला वाटलं टॉवेलांवरून ती रागावली आहे. मी सॉरी म्हणायला पुढं झाले तर तिचे ओठ पांढरे पडलेले दिसले.

"ये बिस्तर कौन करे?" तिनं विचारलं.

"मी," आई म्हणाली. "मैंने."

ती तिथल्याच स्टुलावर बसली. दोन्ही हात मांडीवर, चादर खांद्यावर तशीच. आईनं तिला पाणी दिलं. अर्धा ग्लास पिऊन ती म्हणाली, "मैं समझी, भाई इधर बी आ गए."

कोपऱ्याकडे तिनं बोट केलं. त्या मोडलेल्या टोकाकडे.

आई तिच्यासमोर पायरीवर बसली. "इधर बी," आई हळूच म्हणाली. "म्हणजे आणखी कुठं येतात, आपा?"

त्या बाईनं आधी दाराकडे पाहिलं. मी दार लोटलं. मग तिनं सांगितलं. दखनीत, तुटक तुटक, मधे मधे आईचा हात धरून. बाबांनीच तिला काम शिकवलं होतं. भाई पडले ती पुढच्या चौकातली, वरच्या मजल्यावरची, टोकाची खोली. त्या खोलीची चादर ती रोज काढते आणि रोज नियमाप्रमाणे घालते. तरी कधी कधी न्हाणीघर धुऊन बाहेर येते तर पायथ्याचा कोपरा मोडलेला असतो. दीड वर्षात चार-पाचदा. आता त्या खोलीत एकटं कुणी जात नाही, आणि जाताना प्रत्येक जण भाईंना सांगून जातो.

आई म्हणाली, "आम्ही भूत-बित मानत नाही, आपा. आमच्यात नसतं ते."

"मानने की बात नै, भाभी. देखने की बात है."

मी तेव्हा मनात हिशेब मांडत होते. हिला बाबांनी शिकवलं, म्हणजे हिच्या हातात तो कोपरा असणारच. लक्ष दुसरीकडे असलं की हात आपलं करून जात असतील. हे मी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तिनं आईचा हात अजून सोडला नव्हता, आणि मला माझ्या हुशारीची लाज वाटली. आज लिहितानाही ते माझंच म्हणणं खरं असेल असं वाटतं. पण त्या खोलीसमोर उभं राहून मी ते म्हणू शकले असते का, हे सांगता येत नाही.

आईनं एवढंच विचारलं, दाखवाल का? त्या बाईची नोकरी जाऊ शकत होती. मी ते आईला मराठीत सांगितलं, आणि आई लगेच म्हणाली, मग नको, राहू द्या. पण ती बाई उठली होती. त्या खोलीतले पाहुणे सकाळीच विमानतळावर गेले, दुपारी दोनपर्यंत खोली रिकामी आहे, म्हणाली. मी चादर बदलायला जातेच आहे, तुम्ही मागून या.

आम्ही दोन्ही चौक ओलांडून जिना चढलो. ती ट्रॉली ढकलत पुढं, आम्ही वीस पावलं मागं. बाहेर लख्ख ऊन होतं, कुणीतरी हौदात पोहत होतं, त्याचा आवाज येत होता. टोकाच्या दाराशी ती थांबली. कार्ड लावण्याआधी तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि दाराला टेकून, आत कुणी कपडे बदलत असेल तर त्याला सावध करावं तशा आवाजात म्हणाली,

"आतूं, भाई."

येते, एवढं सांगून ती एक क्षण थांबली. मग दार उघडलं.

आई आत गेली. उंबऱ्यावरून तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, मी बाहेर लक्ष ठेवते. लक्ष ठेवायला मला कुणी सांगितलं नव्हतं. दार मिटलं, आणि मी ट्रॉलीपाशी उभी राहिले.

आतून काही ऐकू येत नव्हतं. मी साबणाच्या वड्या मोजल्या. शाम्पूच्या बाटल्या एका रांगेत केल्या. मला भीती नक्की कशाची वाटत होती? बाबा आत असतील याची, की नसतील याची? शेजारच्या खोलीचं दार उघडलं आणि एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. पांढरा झब्बा, हातात चष्मा. त्यांनी मला पाण्याच्या दोन बाटल्या मागितल्या. मी ट्रॉलीवरून काढून दिल्या. टॉवेल पण, म्हणाले. मी टॉवेल दिला, घडी त्यांच्याकडे करून, दोन्ही हातांनी. "थँक यू, बेटा," म्हणून ते आत गेले. आपण इथले पाहुणे आहोत हे मला त्यांचं दार लागल्यानंतर आठवलं.

आई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. ती माझ्याजवळ आली आणि कानात सांगावं तसं म्हणाली,

"खिडकी आहे गं."

तिनं दोन्ही हात पसरून मला दाखवलं.

"मोठी. एवढी, माझ्या हातांत मावत नाही एवढी. तळ्याकडे उघडते. पाहुणे गेले की आधी खिडकी उघडायची, मग पलंगाला हात लावायचा, असं असतं यांचं. ते खिडकीपाशीच होते. आपांनीच पाहिलं आधी. दोन दारांतला एक पल्ला उघडलेला होता."

"एक?"

"एक उघडला होता. वारा येत होता म्हणाल्या. पडदा त्यांच्या अंगावर आला होता, वाऱ्यानं."

मागं ती बाई खोलीतून ओल्या टॉवेलांचा ढीग घेऊन आली, आमच्याकडे न पाहता कामाला लागली. आईनं जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या दुपारी आई आमच्या खोलीतल्या पलंगावर, पायरी चढून, आडवी झाली आणि चार तास झोपली. चहासाठी दार वाजलं तेव्हाही उठली नाही. मी चहा दारातूनच घेतला. त्याच्या दुसऱ्या सकाळी निघताना मॅनेजरनी एक वही पुढं केली, पाहुणे त्यात आपला अनुभव लिहितात. आईनं मला लिहायला सांगितलं, सगळ्यांनी फार प्रेमानं ठेवलं म्हणून. मी तसं लिहिलं. खोटं काही नव्हतं त्यात.

घरी आल्यावर पहिल्याच रात्री आईनं साखळी काढली, दार पूर्ण लावलं आणि कडी घातली. मला वाटलं, संपलं. तिचं संपलंही असेल. मीच आता अफझलगंजच्या लायब्ररीत वाचायला बसले की उठून खिडक्या पाहते. ती खोली मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिचं काय काय उघडं होतं आणि काय बंद, याला माझ्याकडे हद्दच नाही. आई चपात्या लाटताना, बसची वाट पाहताना, मधेच त्या खोलीतली एखादी गोष्ट सांगते. पडदा पिवळसर होता. खिडकीच्या चौकटीला खाली रंग उडाला आहे. तळ्यात पांढरे पक्षी होते. दहा मिनिटांत तिनं एवढं सगळं पाहिलं की काही ती आता रचते आहे, मला कळत नाही, आणि मी विचारत नाही.

परवा मात्र विचारलं. कुठला पल्ला उघडा होता, डावा की उजवा?

तिचा लाटणं धरलेला हात थांबला. "ते नाही विचारलं मी."

मग तिनं लाटणं खाली ठेवलं, डाव्या हातावर चादरी घेतल्यासारखा तो कोपरात दुमडला, आणि उजवा हात पुढं करून भिंतीवर कुठपर्यंत पोचतो ते पाहू लागली.

"उजवा असेल," ती म्हणाली. "दुसऱ्या हातात चादरी असतील ना."